रेग्युलेटर: खटखट फिरणारा की सलग फिरणारा?

आईच्या खोलीतला पंखा रात्री 'घूंऽऽ' करायचा. दिवसा गडबडीत ऐकू यायचं नाही, पण दिवे मालवले की डोक्यातच घुमायचा. बेअरिंग बदलून झालं, आवाज तसाच. शेवटी वायरमनने मेन बंद करून रेग्युलेटर काढला, दोन वायरी थेट जोडल्या आणि पंखा पुन्हा लावला. आवाज गायब! पंखा बिचारा निर्दोष होता.

बोर्डात डिमर बसवलेला होता. डिमर आणि स्टेप रेग्युलेटर दुकानात शेजारी ठेवले तर बघून फरक कळत नाही. खुंटी फिरवली की कळतो. स्टेपवाला खट् खट् करत १, २, ३, ४ वर थांबतो, डिमर जुन्या रेडिओच्या बटणासारखा सलग फिरतो. सलग फिरणारा भारी, असं आपल्याला वाटतं. पंख्यापुरतं ते उलट आहे.

आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १०० अर्ध्या लाटा. डिमरमधला ट्रायॅक (वीज झटपट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) प्रत्येक अर्ध्या लाटेचा सुरुवातीचा भाग अडवतो आणि उरलेला सोडतो. साध्या बल्बला त्याचं काही वाटत नाही, कारण तार तेवढ्यात थंड होत नाही. मोटरला मात्र सेकंदाला १०० धक्के बसतात, आणि तीच ती घूं. खुंटी जितकी कमीवर, तितकी ती जास्त. दिव्यासाठीचा डिमर तर पंख्याला लावूच नये. कमी वेगावर मोटर नुसती हुंकारते आणि तापते.

स्टेप रेग्युलेटर लाट कापत नाही. पंख्याच्या वाटेत कपॅसिटर (वीज साठवून सोडणारा छोटा भाग) घालून त्याला मिळणारा व्होल्टेज कमी करतो. नेहमीच्या एका रचनेत आत दोनच कपॅसिटर असतात, समजा २.२ आणि ३.३ मायक्रोफॅरडचे. १ वर पहिला, २ वर दुसरा, ३ वर दोन्ही मिळून ५.५ आणि ४ वर थेट वीज. हे माहीत असलं की बिघाडही ओळखता येतो: १ वर पंखा हलत नाही आणि २ व ३ चा वेग सारखाच, तर लहान कपॅसिटर गेला. आणि ४ वरही पंखा रेंगाळत असेल, तर रेग्युलेटरला बोल लावू नका. पंख्याचा स्वतःचा कंडेन्सर, म्हणजे कपॅसिटरच, बघा; बहुतेक घरगुती पंख्यांत २.५ मायक्रोफॅरडचा असतो. थोड्या पैशांत काम होतं.

रेग्युलेटरचा जुना बोजड डबा अजून कोणाकडे असेल तर तो बदलाच. त्यात तारेचा रेझिस्टन्स असतो. पंखा हळू करताना वाचवलेली बरीच वीज तो डबा तापवण्यात जाते.

घेताना पाठीमागची वॅटची मर्यादा वाचा; साधा छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, मर्यादा त्याहून चांगली वर हवी. बोर्डाची खाचही मोजून जा. स्टेपवाला बरेचदा दोन खाचांचा असतो, डिमर एका खाचेत मावतो, आणि 'जागा नाही' म्हणून वायरमन डिमर बसवून मोकळा होतो. आमच्याकडे तेच झालं होतं.

पंखा बीएलडीसी (ब्रशलेस डीसी मोटरचा) असेल तर मात्र दोन्ही नकोत. त्याचा वेग त्याच्याच सर्किटमधून, रिमोटने कमी-जास्त होतो. जुना रेग्युलेटर काढून तिथे साधं बटण बसवून घ्या.