राइल्स ट्यूब : रस ओढायची नळी जेवणाची झाली त्याची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या वृद्धाश्रमांत नाकातल्या नळीला मराठी काय, कन्नड काय, सगळेच 'आरटी' म्हणतात. म्हणजे राइल्स ट्यूब, नाकातून थेट जठरात जाणारी नळी. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या डॉ. जॉन राइल यांनी १९२१ मध्ये ती आणली, ती जठरातला रस तपासणीसाठी थोडा थोडा वर ओढायला. नळीने अन्न देण्याची खटपट त्याहून जुनी. १७९० च्या सुमारास जॉन हंटर यांनी गिळता न येणाऱ्या रुग्णासाठी ईल माशाची कातडी वापरली होती. पण रोजच्या वापरात रुळली ती राइल यांची नळी, आणि सांभाळताना होणारा बराचसा त्रास तिथूनच सुरू होतो.

१४ नंबरची नळी बाहेरून जेमतेम ४.७ मिलिमीटर जाड. आतली वाट आणखी अरुंद. आपल्याकडची नाचणीची पेज गरम असताना पातळ दिसते, निवली की घट्ट होते आणि नळीतच बसते. म्हणून ती पातळच करावी, मलमलच्या फडक्यातून गाळून कोमट द्यावी, आणि आधी-नंतर ३० मिलिलिटर पाणी सोडावं. तुंबलीच तर कोमट पाणी ५० मिलिलिटरच्या सिरिंजने हलकेच पुढे-मागे करावं. लहान सिरिंजचा दाब जास्त पडतो, नळी फुटते. कोल्ड्रिंक तर नकोच. त्यातल्या आम्लाने दूध नासून गाठी घट्ट होतात.

नळी जागेवर आहे का हे पाहायला हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोप लावायची जुनी सवय अजून गेलेली नाही. नळी फुफ्फुसात असली तरी तसाच आवाज येऊ शकतो. ब्रिटनमध्ये २००५ मध्येच याबद्दल इशारा दिला गेला. नळी नवी घातली की एक्स-रे. पुढे दर वेळी नळीतून ओढलेल्या द्रवाचा पीएच (आम्लतेचं माप; जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ किंवा कमी आहे ना, ते पट्टीवर पाहावं. आम्ल कमी करणारी गोळी चालू असेल तर पीएच वाढलेला दिसतो, हे लक्षात असू द्यावं.

डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच ठेवावी, जेवणानंतर किमान अर्धा तास तशीच. २०० मिलिलिटर पेज २० ते ३० मिनिटांत आपोआप उतरू द्यावी. दट्ट्याने ढकलली की ओकारी, आणि ती श्वासनलिकेत जायची भीती.

सिरिंज दर वेळी दट्ट्या काढून साबणाच्या कोमट पाण्यात धुवावी, उकळून गार केलेल्या पाण्याने खळबळावी. खानापूरच्या पावसाळ्यात ती वाळतच नाही, रबराच्या कडेला काळी बुरशी धरते. सुटे भाग जाळीवर उघडे वाळवावेत, आणि शक्यतो रोज नवी सिरिंज घ्यावी. उरलेली घरची पेज दोन तासांनंतर टाकून द्यावी.

नाकपुडीपाशी नळीवर मार्करने खूण करून तिथला सेंटिमीटरचा आकडा पलंगावर लावावा. तो इंग्रजी अंकांत असला की पाळी बदलताना मराठी-कन्नड दोन्ही मावशींना वाचता येतो, आणि खूण बाहेर सरकलेली दिसली की जेवण थांबतं.