आरोग्य विम्याचा प्रस्ताव नाकारला जाणं

विमा कंपनीने मेडिक्लेमसाठी आलेला प्रपोजल फॉर्म तपासून पॉलिसी द्यायलाच नकार देणं म्हणजे प्रस्ताव नाकारणं. क्लेम नाकारणं वेगळं, तिथे पॉलिसी आधीच हातात असते. बोलताना दोन्हीला 'रिजेक्ट झालं' म्हणतात आणि तिथूनच घोळ सुरू होतो.

या पद्धतीचं मूळ सहसा 'परम सद्भाव' तत्त्वात शोधतात, म्हणजे विमा मागणाऱ्याने स्वतःबद्दलचं सगळं आपणहून सांगायचं. त्यासाठी १७६६ चा कार्टर विरुद्ध बोएम खटला दाखवतात. तो सुमात्रातल्या फोर्ट मार्लबरो किल्ल्याच्या विम्याचा, आणि त्यात न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांचा निकाल गेला होता विमा घेणाऱ्याच्या बाजूने! त्यामुळे काही अभ्यासक म्हणतात की हे तत्त्व कंपन्यांच्या पळवाटा बंद करायलाही होतं, नुसतं ग्राहकाला बांधायला नाही, आणि निकाल पाहिला तर हेच जास्त पटतं. ब्रिटनने २०१२ च्या कायद्याने सामान्य ग्राहकावरचं आपणहून सांगण्याचं ओझं काढलं, विचारलेल्या प्रश्नांना काळजीपूर्वक खरं उत्तर दिलं की झालं. आपल्याकडे मात्र सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये एका मेडिक्लेम प्रकरणात डायबेटिस आणि किडनीचा आजार लपवणं ही महत्त्वाची माहिती दडवणं ठरवलं.

नकाराची नेहमीची कारणं म्हणजे नुकतीच झालेली बायपास, चालू कॅन्सर उपचार, डायलिसिस, हाताबाहेर गेलेली शुगर, खूप जास्त बीएमआय (उंचीच्या मानाने वजन), किंवा फॉर्म एक सांगतो आणि मेडिकलचे रिपोर्ट दुसरंच. ऑपरेशन ठरलेलं असेल तर बऱ्याचदा 'पोस्टपोन' करतात म्हणजे निर्णय पुढे ढकलतात, तो कायमचा नकार नव्हे. प्रत्येक वेळी नकारच येतो असंही नाही, लोडिंग लावून म्हणजे प्रीमियम वाढवूनही पॉलिसी देतात.

आधीपासूनचा आजार हे आपोआप नकाराचं कारण नाही. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या नियमांनी त्याचा वेटिंग पिरियड, म्हणजे त्या आजाराचा क्लेम मिळायला लागण्याआधीचा काळ, जास्तीत जास्त ४८ वरून ३६ महिन्यांवर आणला, आणि ६० महिने सलग पॉलिसी चालली की सिद्ध झालेली फसवणूक सोडून माहिती लपवल्याचा आक्षेप घेता येत नाही. पण हे संरक्षण पॉलिसी मिळालेल्यांना. दारातूनच परत पाठवलेल्याला त्याचा काय उपयोग, आणि विम्याची खरी गरज तर त्यालाच असते.

मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखाच विमा द्या असं २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. दिव्यांग, एचआयव्हीबाधित आणि मानसिक आजार असलेल्यांसाठी आयआरडीएआयने फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपन्यांना खास पॉलिसी आणायला सांगितलं.

नकार लेखी आणि कारणासकट द्यायचा, हे २०१६ च्या नियमांत स्पष्ट होतं (त्यांची जागा २०२४ च्या नियमांनी घेतली). एजंटने फोनवर 'होत नाही' म्हटलं म्हणून सोडून देऊ नये, पत्र मागून घ्यावं, कारण पुढच्या कंपनीच्या फॉर्ममध्ये बहुधा विचारतातच की आधी कुणी नाकारलंय का.