बबल कॉलम

बबल कॉलम : उभ्या नळकांड्यासारख्या पात्रातील द्रवात तळाकडून वायू सोडून दोहोंमध्ये विक्रिया घडवून आणणारा रिॲक्टर. वायू स्पार्जरच्या, म्हणजे सच्छिद्र नळ्यांच्या किंवा चकतीच्या, भोकांतून बुडबुड्यांच्या रूपाने शिरतो. द्रवात उत्प्रेरकाची भुकटी असल्यास स्लरी बबल कॉलम म्हणतात. यात फिरणारा भाग नसतो. ढवळण्याचे सर्व काम बुडबुडेच करतात. क्युमीन या हायड्रोकार्बनचे ऑक्सिडीभवन, फिशर-ट्रॉप्श संश्लेषण (कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजनपासून द्रव इंधन बनवणे) आणि किण्वन हे त्याचे प्रमुख उपयोग.

एकट्या बुडबुड्याची गती बरीच अभ्यासलेली आहे. २ ते ५ मिमी व्यासाचा बुडबुडा स्थिर पाण्यात सेकंदाला साधारण २० ते २५ सेंमी वेगाने, नागमोडी किंवा मळसूत्री वाटेने चढतो. हे वळण लिओनार्दो दा व्हिंचीनेही नोंदवले होते. मोठा बुडबुडा टोपीच्या आकाराचा होतो. त्याचा वेग वक्रतात्रिज्येच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो, असे डेव्हिस आणि टेलर यांनी १९५० मध्ये दाखवले.

स्तंभातील, म्हणजे या उभ्या पात्रातील, बुडबुड्यांच्या समूहाचे वर्तन मात्र वायूच्या वेगावर ठरते. हा वेग म्हणजे वायूचा घनफळ-प्रवाह भागिले स्तंभाचा छेद. हवा-पाण्यात तो सेकंदाला सुमारे ३ ते ५ सेंमीपर्यंत असताना बारीक बुडबुडे जवळजवळ सारख्या आकाराचे राहून एकसारखे वर चढतात (एकविध अवस्था). त्यापुढे ते एकमेकांत मिसळून मोठे होतात व प्रवाह संक्षुब्ध होतो. संक्रमणाची सीमा ठाम नाही. स्पार्जरच्या भोकांचा आकार आणि पाण्याची शुद्धताही ती सरकवतात. क्षार विरघळवल्यास बुडबुड्यांचे मिसळणे अनेकदा रोखले जाते. याचे सर्वमान्य स्पष्टीकरण अजून नाही.

संक्षुब्ध अवस्थेत वायू मध्यभागी एकवटतो. तेथील मिश्रण हलके झाल्याने द्रव मध्यातून वर उसळतो आणि भिंतीलगत खाली उतरतो. वायू मध्यभागी का जमतो, हा प्रश्न आडव्या बलाकडे नेतो. वेग बदलत जाणाऱ्या प्रवाहात लहान बुडबुडे भिंतीकडे व मोठे मध्याकडे ढकलले जातात. तोमियामा व सहकाऱ्यांच्या (२००२) निष्कर्षांवरून हवा-पाण्यासाठी ही सीमा सुमारे ६ मिमी धरतात. मूळ मापने ग्लिसरॉलच्या द्रावणातील एकेकट्या बुडबुड्यांची आहेत; दाट समूहाला ती लावताना सावध राहणे बरे.

द्रवाच्या या वर-खाली फिरण्याची, म्हणजे अभिसरणाची, रचना हा खरा वादाचा विषय. मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातील (यूडीसीटी; आताची रसायन तंत्रज्ञान संस्था, आयसीटी) ज्येष्ठराज जोशी आणि मनमोहन शर्मा यांनी १९७९ मध्ये अभिसरण-कोष प्रतिमान मांडले. व्हॅली आणि डेव्हिडसन यांच्या ऊर्जा-ताळेबंदाचा (१९७४) आधार घेऊन त्यांनी स्तंभात एकावर एक कोष, म्हणजे द्रवाच्या फिरण्याची बंद वर्तुळे, कल्पिले, प्रत्येकाची उंची स्तंभाच्या व्यासाइतकी. वायूने दिलेल्या ऊर्जेतून बुडबुड्यांभोवती खर्च होणारी ऊर्जा वजा केली की अभिसरणाचा वेग मिळतो. तो साधारणतः व्यासाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढतो. पुढे अमेरिकेत सेंट लुइस येथे दुदुकोविच यांच्या गटाने द्रवासोबत तरंगणाऱ्या किरणोत्सर्गी कणाचा माग काढला. दीर्घकालीन सरासरीत त्यांना जवळजवळ संपूर्ण उंचीचा एकच कोष दिसला. क्षणचित्रांत मात्र सरकणारे, मोडणारे अनेक भोवरे दिसतात. ही दोन चित्रे वेगवेगळ्या कालमानांची आहेत असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. वेगाच्या अंदाजासाठी १९७९ चे सूत्र आजही उपयोगी पडते.

आकारवाढीत, म्हणजे प्रयोगशाळेतील स्तंभावरून कारखान्यातील मोठा स्तंभ आखताना, याला फार महत्त्व आहे. व्यास सुमारे १५ सेंमीच्या पुढे गेल्यावर वायुअंश, म्हणजे मिश्रणातील वायूचा घनफळ-हिस्सा, व्यासानुसार फारसा बदलत नाही. अभिसरण आणि उभे मिश्रण मात्र वाढतच जाते. म्हणून प्रयोगशाळेतील अरुंद स्तंभात मिळालेले रूपांतर (विक्रिया झालेल्या पदार्थाचे प्रमाण) मोठ्या स्तंभात मिळेलच असे नाही. दक्षिण आफ्रिकेत सासोलबर्ग येथे १९९३ मध्ये सुरू झालेला स्लरी रिॲक्टर ५ मी. व्यासाचा आहे.

दाब वाढवल्यास वायूची घनता वाढते, मोठे बुडबुडे लवकर फुटतात आणि वायुअंश वाढतो. सेंद्रिय द्रव, उच्च तापमान व दाट स्लरी यांवरील मापने हवा-पाण्याच्या तुलनेत तुटपुंजी आहेत.