जनुकीय वंशशोध

कुटुंबातील अज्ञात, हरवलेला किंवा वादातला पूर्वज शोधण्यासाठी डीएनए चाचणी आणि कागदोपत्री नोंदी एकमेकींशी ताडून पाहण्याची पद्धत. दत्तक गेलेली मुले, बापाचे नाव न लागलेली माणसे आणि स्थलांतरात गाव-आडनाव तुटलेली घराणी मुख्यतः तिचा आधार घेतात. डीएनएवरून नाते आहे का आणि साधारण किती जवळचे, एवढेच कळते. नाव कागदावर सापडते. पण कागदावरचा बाप खरा असेलच असे नाही.

चाचण्या तीन प्रकारच्या. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे, आडनावासारखे उतरत जाते. तंतुकणिकांमधला (पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामधला) डीएनए आईकडून सर्व अपत्यांना मिळतो, पण पुढच्या पिढीला तो मुलीच देतात. या दोहोंतून वंशवृक्षाच्या केवळ दोन कडा दिसतात. मधल्या साऱ्या विस्तारासाठी उरलेल्या 22 जोड्यांतील गुणसूत्रे तपासतात, आणि घरबसल्या थुंकीचा नमुना पाठवून होणारी चाचणी बहुधा हीच असते. तिच्या निकालासोबत येणारी ‘इतके टक्के दक्षिण आशियाई’ छापाची टक्केवारी शोधाच्या कामाला फारशी येत नाही. कामाची असते ती जुळण्यांची यादी, म्हणजे चाचणी केलेल्यांपैकी ज्यांचा डीएनए आपल्याशी जुळतो त्यांची नावे.

दोघांमधल्या डीएनएच्या समान तुकड्यांची बेरीज सेंटिमॉर्गन या एककात मोजतात. हे नाव अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ टॉमस हंट मॉर्गन यांच्यावरून आले. आई किंवा बाप आणि अपत्य यांच्यात ही बेरीज 3,400 ते 3,500 भरते. सख्ख्या भावंडांत ती सरासरी 2,600, सख्ख्या चुलत, मावस, मामे, आते भावंडांत 850 ते 900 आणि त्यापुढच्या पिढीच्या चुलत-चुलत भावंडांत 230च्या आसपास असते. आजोबा, काका, मामा, मावशी आणि आई किंवा बाप एकच असलेला सावत्र भाऊ या सगळ्यांचा आकडा मात्र साधारण 1,750 येतो. तिथे वयावरून उलगडा करावा लागतो. यादीत चुलत, मावस, मामे, आते भावंडांपुढे ‘कझिन’ असा एकच शब्द असतो. मराठीत त्याला चार शब्द आहेत, आणि शोधणाऱ्याला नेमकी तीच फोड करायची असते.

समजा, एका बाईला वडिलांच्या वडिलांचे नाव ठाऊक नाही आणि तिच्या यादीत 230 सेंटिमॉर्गनचा एक अनोळखी पुरुष आहे. जे लोक तिच्या मावसबहिणीशीही जुळतात ते आईकडचे, म्हणून बाजूला काढायचे. वडिलांच्या आईच्या माहेरच्यांशी जुळणारेही वगळायचे. उरलेला गट हरवलेल्या आजोबांचा. या गटातल्यांच्या वंशावळी मांडल्या की एखादे जोडपे सर्वांत सामाईक निघते. बहुधा तेच तिचे पणजोबा-पणजी. त्यांना तीन मुलगे होते असे धरू. एक लहानपणीच गेला, म्हणजे उरले दोन. वडिलांच्या जन्माआधी त्यांच्या आईच्या गावात या दोघांपैकी कोण होता हे नोकरीचे कागद किंवा घरपट्टीच्या वह्यांतून पाहायचे आणि शेवटी त्यांच्यापैकी एकाच्या नातवाला चाचणीची विनंती करायची. आकडा 450च्या जवळ आला तर त्याचा आजोबा तोच हिचाही आजोबा. 230च्या जवळ आला तर दुसरा भाऊ. दोन्ही नात्यांतले आकडे थोडे एकमेकांत मिसळतात, म्हणून शहाणा शोधक एका चाचणीवर थांबत नाही.

कागद आणि डीएनए यांना एकमेकांची गरज किती, हे अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष टॉमस जेफरसन यांच्या प्रकरणात दिसले. त्यांच्या मळ्यावरील गुलाम स्त्री सॅली हेमिंग्ज हिच्या मुलांचे ते वडील होते, ही चर्चा 1802पासून छापून येत होती. जेफरसन यांच्या घरचे मात्र त्यांच्या बहिणीच्या मुलांकडे बोट दाखवत. जेफरसन यांचा औरस पुत्रवंश उरला नव्हता, म्हणून 1998मध्ये त्यांच्या काकांच्या पुरुषवंशजांचे वाय गुणसूत्र सॅलीचा धाकटा मुलगा एस्टन याच्या वंशजाशी ताडले. ते जुळले आणि भाच्यांचे जुळले नाही. पण तेच गुणसूत्र जेफरसन यांच्या भावाकडेही असणार. मग उपयोगी पडल्या त्यांच्या हिशेबाच्या वह्या: सॅलीच्या प्रत्येक बाळंतपणाच्या सुमारे नऊ महिने आधी जेफरसन मॉन्टिसेलोच्या घरी असल्याचे त्यांतून निघते. उलटा प्रकार इंग्लंडमध्ये घडला. राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा 2012मध्ये लेस्टरला सापडला. आईकडचा डीएनए जुळून ओळख पटली, पण नोंदींनुसार त्याच्याच पुरुषवंशातले ठरणाऱ्या हयात माणसांचे वाय गुणसूत्र मात्र जुळले नाही. मधल्या शतकांत कुठेतरी वंशावळीतला बाप वेगळा आणि खरा वेगळा होता.

भारतात अडचण जुळण्यांपासूनच सुरू होते. शतकानुशतके जातीतल्या जातीत लग्ने आणि अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्नाची रीत, त्यामुळे दूरच्या माणसाशीही बारीक तुकडे जुळत राहतात आणि बेरीज फुगते. म्हणून इथे एकूण आकड्यापेक्षा सर्वांत लांब सलग तुकडा पाहतात. त्यात आपल्याकडे चाचणी केलेले लोक थोडे. याद्यांत बहुधा परदेशी स्थायिक झालेलेच भेटतात.

कागद मात्र बरेच आहेत. महाराष्ट्रात गाव नमुना 14, म्हणजेच कोतवाल बुक, यात जन्म-मृत्यू जातीसह लिहिलेले असत. 2023पासून कुणबी नोंदींच्या शोधात ही दफ्तरे पुन्हा उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, जुनी हक्कपत्रके, त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि कुलवृत्तांत हा बाकीचा ऐवज. त्यातली मोठी खोट अशी की वंशावळीत मुली बहुधा गळतात, आणि लग्नानंतर बदललेल्या नावाखाली माहेरचे नाव बुजते. डीएनए ती बाजू गाळत नाही; मात्र तिच्यावर नाव घालायला कागद मिळत नाही. गोव्यात चर्चच्या बाप्तिस्म्याच्या पोर्तुगीज वह्या उपयोगी पडतात. मॉरिशसला करारावर गेलेल्या मजुरांचे कागद मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत; मुंबई बंदरातून गेलेल्या मराठी माणसांचे बापाचे नाव आणि गाव तिथे सापडू शकते, अर्थात कारकुनाने जसे ऐकले तसे लिहिलेले.

एकाने नमुना दिला की त्याच्या चुलत्या-मामांचीही माहिती न विचारता उघडी पडते. 2018मध्ये कॅलिफोर्नियातला जुना खुनी पोलिसांना सापडला तो दूरच्या नातलगांनी एका खुल्या संकेतस्थळावर ठेवलेल्या डीएनएवरून. 2023मध्ये ट्वेंटीथ्री-अँड-मी या डीएनए चाचणी कंपनीच्या सुमारे 69 लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली. 2025मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. फ्रान्समध्ये केवळ हौसेखातर अशी चाचणी करणे बेकायदा आहे.

भारतीय कायद्यात वैध विवाहकाळात जन्मलेले मूल नवऱ्याचेच मानतात, पण 2014च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने या गृहीतापेक्षा डीएनए अहवालाला जास्त वजन दिले. घरी मागवलेल्या किटचा निकाल मात्र न्यायालयात सहसा टिकत नाही, कारण त्या नळीत थुंकले कोण, हे सांगणारा साक्षीदार नसतो.