द्वेषगुन्हा आणि द्वेषमूलक भाषण: गल्लत कुठे होते

सकाळी दार उघडावं, तर दारावर लाल रंगात एका समाजाचं नाव आणि त्यापुढे शिवी. रंग अजून ओला, पायरीवर ओघळ आलेले. हे द्वेषमूलक भाषण झालं की द्वेषगुन्हा? बरेच जण चटकन म्हणतील, 'भाषणच की, शब्दच तर लिहिलेत.' तसं नाही. दुसऱ्याच्या दारावर न विचारता काहीही रंगवणं, अगदी फुलाचं चित्र काढलं तरी, नुकसानच असतं. आणि हे दार आत राहणाऱ्यांची ओळख बघून निवडलं, म्हणून हा द्वेषगुन्हा. तेच शब्द कोणी सभेत माइकवरून बोललं, तर ते भाषण.

मला यात वजाबाकीची कसोटी उपयोगी पडते. घटनेतून द्वेष काढून टाका आणि मागे काय उरतं ते बघा. मारहाण, जाळपोळ, खून, तोडफोड यांपैकी काही उरलं, तर द्वेषगुन्हा. काहीच गुन्हा उरला नाही, तर ते भाषण. युरोपातली सुरक्षा आणि सहकार्य संघटना, म्हणजे ओएससीई, हीच व्याख्या दोन तुकड्यांत करते: एक मूळ गुन्हा आणि त्यामागचा पूर्वग्रह. पहिला तुकडा नसेल तर दुसऱ्याकडे वळायचंच नाही.

मग गोंधळ का होतो? कारण शब्द दोन्हीकडे हजर असतात. मारणारे काय ओरडत होते, आदल्या दिवशी त्यांनी काय पोस्ट केलं होतं, यावरूनच तर हेतू सिद्ध होतो. फरक एवढाच, की द्वेषगुन्ह्यात शब्द हा पुरावा असतो आणि भाषणाच्या खटल्यात शब्द हाच आरोप.

अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचे जेमतेम वर्षभराच्या अंतराने आलेले दोन निकाल शेजारी ठेवले की हे लख्ख दिसतं. सेंट पॉल शहरात एका कृष्णवर्णीय कुटुंबाच्या कुंपणाच्या आत काही पोरांनी रात्री क्रॉस पेटवला; कृष्णवर्णीयांना धमकावण्याची ही तिथली जुनी खूण. शहराने खटला भरला तो वंश, धर्म वगैरेंवरून संताप उसळवणाऱ्या चिन्हांवर बंदी घालणाऱ्या नियमाखाली. 1992 मध्ये न्यायालयाने तो नियमच रद्द केला, कारण तो ठरावीक विषयांवरची अभिव्यक्ती तेवढी वेचून दंडनीय ठरवत होता. पण त्याच निकालात हेही म्हटलं, की असं कृत्य रोखायला शहराकडे दुसरे कायदे होतेच. पेटवापेटवी, धमकी, नुकसान, काय हवं ते. थोडक्यात, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. पुढच्या वर्षी, 1993 मध्ये, विस्कॉन्सिन राज्याचं प्रकरण आलं. तिथे एका टोळक्याने रस्त्यावरून जाणाऱ्या मुलाला तो गोरा आहे म्हणून निवडून बेदम मारलं होतं. या मारहाणीला एरवी जास्तीत जास्त 2 वर्षांची शिक्षा. वंश बघून सावज निवडल्यामुळे ही मर्यादा 7 वर्षांवर गेली आणि शिक्षा झाली 4 वर्षांची. न्यायालयाने ती एकमताने कायम ठेवली. इथे मताला नाही, मारहाणीला शिक्षा होती.

भाषणाच्या बाबतीत सगळे देश अमेरिकेसारखे हात आखडते घेत नाहीत. 1966 च्या आंतरराष्ट्रीय नागरी आणि राजकीय हक्क करारातलं 20 वं कलम सांगतं, की भेदभाव, वैर किंवा हिंसेला चिथावणी ठरणाऱ्या वांशिक, धार्मिक, राष्ट्रीय द्वेषाच्या प्रचाराला कायद्याने बंदी असावी. पण चिथावणी कधी झाली म्हणायची? संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने 2012 मध्ये झालेल्या रबात कृती आराखड्यात त्यासाठी सहा गोष्टी तपासायला सांगितल्या आहेत: परिस्थिती, बोलणारा कोण, त्याचा हेतू, मजकूर आणि त्याचं स्वरूप, तो किती लोकांपर्यंत पोचला आणि प्रत्यक्ष इजा होण्याची शक्यता किती. माझ्या मते यातली दुसरी गोष्ट सगळ्यात जड. नाक्यावरच्या कुणी बरळणं आणि हजारोंच्या सभेत नेत्याने तेच म्हणणं, शब्द एक असले तरी वजन एक नाही.

वजाबाकीची कसोटी एका ठिकाणी मात्र तोकडी पडते. 1994 मध्ये रवांडात आरटीएलएम हे रेडिओ केंद्र तुत्सी या अल्पसंख्य समाजाच्या लोकांना झुरळं म्हणत होतं, माणसांची नावं आणि ठिकाणं प्रसारित करत होतं. हत्याकांड सुरू असताना नाव-पत्ता हवेत सोडणं हे नुसतं बोलणं उरत नाही. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने 2003 मध्ये केंद्राच्या दोन संस्थापकांना आणि एका नियतकालिकाच्या संपादकाला दोषी ठरवलं. 2007 च्या अपिलात काही आरोप रद्द झाले आणि शिक्षा कमी झाल्या, पण दोष पूर्ण पुसला गेला नाही.

आता रोखायचं कसं, याकडे येऊ. इथेच ही गल्लत महाग पडते. कुठे हल्ला झाला की पहिली मागणी उठते ती भाषणांवर कडक कायदा करा अशी. त्याने भाषणं थोडी कमी होतीलही. पण हल्लेखोर मोकळा राहतो, आणि पुष्कळदा तोच कायदा कोण्या दुबळ्या टीकाकारावर उगारला जातो. द्वेषगुन्हा रोखायचा पहिला रस्ता कंटाळवाणा आहे: नीट नोंद. लंडनमध्ये 22 एप्रिल 1993 ला बसस्टॉपवर स्टीफन लॉरेन्स या 18 वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला भोसकून मारलं. हल्लेखोरांनी त्याच्या वर्णावरून शिवी दिल्याचं सोबतच्या मित्राने ऐकलं होतं, तरी तपास ढिसाळ झाला. या तपासाच्या चौकशीवरच्या 1999 च्या मॅक्फर्सन अहवालाने पोलिस दलात संस्थात्मक, म्हणजे एखाद्या पोलिसाचा नव्हे तर सगळ्या यंत्रणेत मुरलेला, वंशवाद असल्याचा ठपका ठेवला आणि एक साधी गोष्ट सुचवली: पीडिताला किंवा दुसऱ्या कुणालाही घटना वंशवादी वाटली, तर ती तशी नोंदवा. सिद्ध नंतर व्हायचं ते होईल, निदान दिसू तर दे. दोघांना खुनाची शिक्षा झाली ती थेट 2012 मध्ये.

नोंद का महत्त्वाची, याचं उत्तर गुन्हेगारांत सापडतं. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ जॅक लेव्हिन आणि जॅक मॅकडेव्हिट यांनी बोस्टन पोलिसांच्या फाइली चाळल्या, तेव्हा सगळ्यात मोठा गट निघाला तो 'मजा' म्हणून हल्ला करणाऱ्यांचा. बहुतेक तरुण, टोळक्याने हिंडणारे. विचारसरणीने झपाटलेले फारच थोडे. अशा पोरांना शिक्षा 2 वर्षांची की 7, याचा हिशेब कुठे ठाऊक असतो? पकडले जाऊ, ही भीती लागते. आणि ती पहिल्याच खोडीत लागावी लागते, दार रंगवलं तेव्हा, दगड काचेवर पडला तेव्हा. ते प्रकरण 'किरकोळ खोडसाळपणा' म्हणून फाइलबंद झालं, की टोळक्याला परवाना मिळाला.

भाषणाचं औषध वेगळं, आणि ते पोलिसांच्या हाती फारसं नाही. जर्मनीने 2017 च्या कायद्याने मोठ्या समाजमाध्यमांना उघड बेकायदा मजकूर तक्रारीनंतर 24 तासांत काढायला लावलं. मजकूर गेला, पण घाईत धोकादायक नसलेलंही काढलं जाईल, ही टीका तिथेच सुरू झाली. त्याहून जास्त काम, मला वाटतं, आपल्याच गटातल्या माणसाने केलेल्या विरोधाने होतं. परक्याने सुनावलं तर ऐकणारा हटून बसतो. आपल्या पक्षाचा, आपल्या जातीचा, आपल्या पेठेतला माणूस जाहीरपणे 'हे आपलं नव्हे' म्हणाला, तर वक्त्याची टाळी निम्म्यावर येते.

आणि ते दार? घरच्यांनी एकट्याने घासायचं नाही, पण फोटो काढून झाल्याशिवाय कुणी ब्रशही लावायचा नाही. रंग, अक्षरं, ओघळ, तारीख-वेळ, सगळं आधी टिपून ठेवायचं, कारण 'दारावर काहीतरी लिहिलं होतं' एवढ्यावर हेतू सिद्ध होत नाही. त्यानंतर शेजारच्यांनी बादल्या घेऊन यायचं. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी नाही. रात्री रंगवणारा दुपारी बघायला येऊ शकतो.