भरबाजारातली सुवार्ता: महाराष्ट्रातल्या जाहीर ख्रिस्ती प्रचाराची पार्श्वभूमी

आठवडी बाजारात किंवा एसटी स्टँडबाहेर कुणी अनोळखी माणसाच्या हाती शुभवर्तमानाचं पत्रक ठेवलं, येशूबद्दल चार शब्द बोललं, की आज लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, हा आमचा घटनेनं दिलेला हक्क आहे. दुसरा म्हणतो, हे धर्मांतराचं जाळं आहे. बोलण्याचा सूर असा, की हा प्रकार जणू काल-परवाच सुरू झाला. मराठी मुलखात तो दोनशे वर्षांहून जुना आहे. हा इतिहास चाळताना प्रत्येक टप्प्यावर मला एकच गोष्ट तपासावीशी वाटते: ऐकणाऱ्याला उलट बोलता येत होतं का, आणि नको वाटलं तर उठून जाता येत होतं का?

गोव्यात याचं उत्तर फारसं सुखाचं नाही. १५४२ मध्ये फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरला. हातात घंटा घेऊन तो रस्त्यांतून फिरे, मुलांना आणि गुलामांना गोळा करी आणि चर्चमध्ये नेऊन प्रार्थना शिकवी. घंटा वाजवत दारोदार फिरणारा हा माणूस स्वतः फकिरीत राहत होता, हे खरंच. पण त्याच्या पाठीमागे पोर्तुगीज सत्ता उभी होती. देवळं पाडली जात होती आणि १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालयही आलं. अशा राज्यात रस्त्यावरच्या प्रवचनाला 'नको' म्हणणं सोपं नव्हतं. फादर थॉमस स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यातल्याच रायतूरला छापलं गेलं. ओवीतून ख्रिस्तकथा सांगणारा तो अपूर्व ग्रंथ प्रामुख्यानं आधीच बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी होता. मराठी ख्रिस्ती माणसानं त्या ग्रंथाचा अभिमान जरूर बाळगावा, पण त्या काळाची सत्ताही विसरू नये.

मुंबईत चित्र उलटं होतं. १२ फेब्रुवारी १८१३ रोजी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, तेव्हा कंपनी सरकारला ते नकोच होते. धर्मप्रचारामुळे प्रजा बिथरेल आणि व्यापार बुडेल, ही भीती. त्यांना देश सोडण्याचा हुकूम झाला. ते गुपचूप कोचीनपर्यंत गेले आणि तिथून परत आणले गेले. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटनं कंपनीच्या सनदेचं नूतनीकरण करताना मिशनऱ्यांसाठी दार किलकिलं केलं आणि त्यांना राहता आलं.

हॉल मराठी शिकला आणि मुंबईच्या रस्त्यांवर, देवळांच्या आवारात, बाजारात लोकांशी बोलू लागला. त्याच्या हाती ना फौज होती ना नोकऱ्या. लोक ऐकत, हसत, वाद घालत आणि आपल्या कामाला जात. त्याच्या हयातीत त्या बोलण्याचं फळ म्हणून मोजता येतील असे बाप्तिस्मे जवळपास झालेच नाहीत. १८२६ मध्ये तो नाशिककडे गेला, तेव्हा तिथं पटकीची साथ होती. जवळचं औषध त्यानं आजाऱ्यांना वाटून टाकलं. परतीच्या वाटेवर पटकीनं त्यालाच गाठलं आणि २० मार्चला एका गावातल्या देवळाच्या ओसरीवर त्यानं प्राण सोडला. मराठी नवा करार अमेरिकन मिशननं छापून पूर्ण केला तोही त्याच वर्षी. रस्त्यावर उभं राहून बोलणाऱ्या पहिल्या पिढीकडे देण्यासारखं होतं ते एवढंच, स्वतःचं आयुष्य आणि एक पुस्तक.

पुढची पिढी जास्त आक्रमक निघाली. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले. विद्वान माणूस, संस्कृत आणि झेंद ही पारशी धर्मग्रंथांची भाषा जाणणारा. १८३० पासून त्यांनी जाहीर वादविवाद मांडले. त्यांना मोरभट दांडेकरांनी उत्तर दिलं आणि ते उत्तर १८३१ मध्ये 'श्रीहिंदुधर्मस्थापना' या नावानं छापलं गेलं. विल्सननी १८३२ मध्ये हिंदुधर्मावर टीका करणारं पुस्तक काढून त्याचा प्रतिवाद केला, मग साताऱ्याच्या नारायणरावांनी लेखणी उचलली, मग विल्सनचं दुसरं पुस्तक. त्या पुस्तकांतली भाषा आज वाचवत नाही. दुसऱ्याचा देव खाली खेचल्याशिवाय आपला देव वर जात नाही, असं या मंडळींना का वाटलं असेल, हा प्रश्न मला एक ख्रिस्ती म्हणून सलतो. तरी एक गोष्ट त्यांच्या बाजूनं सांगितली पाहिजे: समोरच्याला बोलू दिलं जात होतं, आणि समोरचा बोलत होता.

या वादांचा कळस मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर झाला. १८५७ साल. एका बाजूला विष्णुबुवा ब्रह्मचारी, म्हणजे विष्णु भिकाजी गोखले. सरकारी नोकरी सोडून सप्तशृंगीवर तप केलेले, वय पुरतं बत्तिशीचंही नाही, वाणी अस्खलित. दुसऱ्या बाजूला जॉर्ज बोवेन. हा अमेरिकन तरुणपणी नास्तिक होता. १८४८ मध्ये मुंबईत आल्यावर त्यानं मिशनचा पगार घेणं सोडलं आणि सामान्य वस्तीत साध्या खोलीत राहू लागला. १८८८ मध्ये मरेपर्यंत तो अमेरिकेला परतला नाही. रस्त्यावरचं प्रवचन हा त्याचा रोजचा क्रम होता.

१५ जानेवारीला पहिली सभा झाली. त्यानंतर गुरुवारी संध्याकाळी वाळूवर गर्दी जमू लागली. देवाचं स्वरूप काय, पापाची क्षमा कशी होते, चमत्कार खरे मानायचे तर कुणाचे, अवतार एकच का, असे प्रश्न निघत. एकानं बोलायचं, मग दुसऱ्यानं. ऐकायला आलेल्यांत साधे लोकही होते आणि शिकलेलेही. बुवांना हार घालणारे होते, पाद्र्यांची टर उडवणारेही होते. शेवटची बैठक २८ मे रोजी झाली, मीरतचा उठाव होऊन अठरा दिवस झाले असताना. उत्तर हिंदुस्थान पेटलेला, आणि इथं वाळूवर हिंदू संन्यासी आणि ख्रिस्ती उपदेशक एकमेकांना प्रश्न विचारत होते. बोवेननं या चर्चेचा वृत्तांत त्याच वर्षी छापला आणि त्यात प्रतिपक्षाचं म्हणणंही दिलं. कोण जिंकलं, हे अर्थातच दोन्ही बाजूंनी आपापल्या परीनं ठरवलं. मला मोलाचं वाटतं ते हे, की यात प्रचारकाची गाठ तोडीस तोड उत्तर देणाऱ्याशी पडली आणि ती सगळ्यांच्या देखत पडली.

उठावानंतर राणीच्या १८५८ च्या जाहीरनाम्यानं प्रजेच्या धर्मात ढवळाढवळ न करण्याचं वचन दिलं. १८६० च्या दंड संहितेत २९८ वं कलम आलं: दुसऱ्याच्या धर्मभावना दुखावण्याच्या बुद्धिपुरस्सर हेतूनं बोलणं हा गुन्हा. त्या संहितेचा मसुदा मेकॉलेच्या आयोगानं १८३७ मध्येच केला होता. धर्मावर मोकळी चर्चा करायला वाव हवा, पण मुद्दाम अपमान नको, अशी रेघ त्यांनी ओढली. हे कलम आज भारतीय न्याय संहितेत ३०२ क्रमांकानं आहे.

खेड्यापाड्यांतला प्रचार वेगळ्या वळणाचा होता. पावसाळा सरला की नगर, पुणे, जालना या भागांतले मिशनरी आणि मराठी उपदेशक तंबू घेऊन दौऱ्यावर निघत. चावडीपाशी किंवा झाडाखाली बसून गाणं म्हणायचं, बोलायचं, छोट्या पुस्तिका विकायच्या, पुढच्या गावाला जायचं. यात्रांतही पुस्तकविक्रे फिरत. पुढे मॅजिक लँटर्नची, म्हणजे दिव्याच्या उजेडानं पडद्यावर पाडलेली चित्रं आली. बायका बायकांशी बोलत, कारण घरात पुरुष उपदेशकाला प्रवेश नव्हता. पण खरं सांगायचं तर नगर जिल्ह्यात ख्रिस्ती मंडळ्या वाढल्या त्या बाजारातल्या भाषणांनी कमी आणि महारवाड्यातल्या सोयरिकीनं जास्त. भाऊ ख्रिस्ती झाला, मग मेहुणा, मग मामाचं गाव. परक्याच्या तोंडून ऐकलेलं नात्यातल्या माणसाकडून पारखून घेतलं जाई.

आणि मग कीर्तन आलं. नगरचे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी १८६० च्या दशकात ख्रिस्ती कीर्तनाची घडी बसवली. नमन, पूर्वरंगात मूळ पद आणि त्यावरचं निरूपण, उत्तररंगात आख्यान. आर्या, साकी, दिंडी, ओवी हे सगळे छंद, साथीला झांज आणि मृदंग. आख्यान मात्र बायबलातलं. हा बदल मला सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा वाटतो. चौथऱ्यावरून होणाऱ्या भाषणात श्रोता आरोपीच्या पिंजऱ्यात असतो. कीर्तनात तो घोंगडी टाकून मांडी घालून बसतो, टाळी धरतो, हसतो, डोळे पुसतो. पटलं नाही तरी कथा तर ऐकली, एवढ्या समाधानानं घरी जातो. उपरा वाटणारा विषय त्याच्या ओळखीच्या घरात आला. काही मिशनऱ्यांना हे 'हिंदूपणाचं' वाटून खटकलं, तरी कीर्तन टिकलं आणि नगरकडच्या मंडळ्यांत त्याची परंपरा चालू राहिली.

१९ सप्टेंबर १८८२ रोजी साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती प्रचारसंघटनेचे चौघे मुंबईत उतरले. त्यांचा प्रमुख फ्रेडरिक टकर आधी सरकारात अधिकारी होता. त्यानं भगवे कपडे चढवले, अनवाणी फिरू लागला आणि फकीरसिंग नाव घेतलं. ढोल वाजवत मिरवणूक काढली म्हणून मुंबई पोलिसांनी त्यांना पकडलं. दंड झाले, पुढं टकरनं तुरुंगवासही भोगला. ख्रिस्ती राजवटीत ख्रिस्ती प्रचारक तुरुंगात! त्यांच्या बाजूनं आवाज उठवणाऱ्यांत ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन होते, याची आठवण आजच्या वादात कुणी काढत नाही.

रस्त्यावरचा श्रोता आणि आपल्या आश्रयाला असलेला माणूस यांत फरक करायलाच हवा. पंडिता रमाबाई लहानपणी आईवडिलांबरोबर देवळादेवळांत पुराण सांगत हिंडल्या होत्या. अनोळखी लोकांपुढे बोलणं त्यांच्या रक्तात होतं. पण १८९३ मध्ये त्यांनी काढलेल्या शारदा सदन या निवासी शाळेतल्या मुलींवर ख्रिस्ती संस्कार होत असल्याच्या वादातून रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंच्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही. तरीही छप्पर आणि जेवण देणाऱ्याचा शब्द आणि बाजारात भेटलेल्या वाटसरूचा शब्द यांचं वजन सारखं नसतं. दुष्काळातल्या मिशनऱ्यांच्या मदतीवर जे आक्षेप घेतले गेले, त्यांच्या मुळाशी हीच गोष्ट आहे. ते सगळे द्वेषातून आले, असं म्हणून आपण ख्रिस्ती लोकांनी ते झटकू नयेत.

नारायण वामन टिळकांची गोष्ट याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. १८९३ च्या सुमारास ते आगगाडीनं राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपियन प्रवासी होता. त्यानं या तरुण मराठी कवीशी आदरानं बोलायला सुरुवात केली आणि गप्पा रंगल्या. निघताना त्यानं नव्या कराराची प्रत हाती ठेवली, ती अभ्यासायला सांगितली आणि म्हणाला, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते हास्यास्पद वाटलं. शब्द दिला म्हणून त्यांनी पुस्तक उघडलं आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थांबले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या प्रवाशाचं नाव टिळकांना कधीच कळलं नाही.

त्या निर्णयाची किंमत मोठी होती, आणि ती त्यांच्याइतकीच त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनीही मोजली. टिळकांनी पुढं भजनं, अभंग, कीर्तनं यांतून मराठी ख्रिस्ती भक्तीला तिचा स्वतःचा आवाज दिला. तुकारामांच्या वाटेनंच आपण ख्रिस्ताच्या पायाशी पोचलो, असं ते मोकळेपणानं सांगत. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ते संन्यस्त झाले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभारला. पगारी प्रचारकाच्या शब्दाला मुळातच मर्यादा असते, हे त्यांनी आपल्या कृतीनं सांगितलं. ९ मे १९१९ रोजी ते गेले.

स्वतंत्र भारताच्या घटना समितीत ६ डिसेंबर १९४८ रोजी धर्माच्या प्रसाराचा हक्क असावा की नाही, यावर खडाजंगी झाली. लोकनाथ मिश्रांनी कडाडून विरोध केला. लक्ष्मीकांत मैत्र, टी. टी. कृष्णम्माचारी आणि कन्हैयालाल मुनशी यांनी तो हक्क ठेवावा असं सांगितलं. ही बाजू लढवणारे तिघेही हिंदू होते, हे नोंदवून ठेवण्याजोगं. हक्क राहिला आणि २५ व्या अनुच्छेदात गेला. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून.

पण वाद मिटला नाही. १९५४ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारनं नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली. नागपूर तेव्हा त्या राज्याची राजधानी होती आणि विदर्भ त्यातच होता. १९५६ च्या अहवालात समितीनं मिशनऱ्यांवर कडक ठपका ठेवला. त्याच वर्षी त्याच नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंसह बौद्ध धम्म स्वीकारला. पुढं ओरिसात १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशात १९६८ मध्ये धर्मांतरावर बंधनं घालणारे कायदे झाले. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ते वैध ठरवले: आपल्या धर्माची तत्त्वं सांगण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा नाही.

आजचे बहुतेक कायदे आणि वाद याच वाक्यावर उभे आहेत. त्या निकालात सांगणाऱ्याचा बराच विचार आहे, ऐकून मन बदललेल्या माणसाचा मात्र फार थोडा. ती बाजू अलीकडे न्यायालयांत येऊ लागली. २०१२ मध्ये हिमाचल प्रदेशच्या उच्च न्यायालयानं धर्म बदलण्याआधी सरकारला कळवण्याची सक्ती रद्द केली. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात श्रद्धा निवडणं आणि ती जगाला सांगावी की नाही हे ठरवणं खासगीपणाच्या हक्कात धरलं गेलं. मला ही दिशा बरोबर वाटते, कारण तिच्यात रस्त्यावर थांबून ऐकणाऱ्या माणसाला अखेर स्वतःच्या मनाचा मालक मानलं आहे.