ग्वाल्हेर : वारसास्थळे आणि संग्रहालये

ग्वाल्हेर हे मध्य प्रदेशातील ऐतिहासिक शहर आधी तोमर राजांची आणि पुढे शिंद्यांची राजधानी होते. बहुतेक जुन्या वास्तू गोपाचल टेकडीवरच्या किल्ल्यात किंवा त्याच्या पायथ्याशी आहेत. वर जायला दोन वाटा आहेत. पश्चिमेकडून उरवाई दरवाजातून गाडी जाते, पूर्वेकडून चढण पायीच चढावी लागते. वेळ असेल तर पायीच चढावे, कारण ग्वाल्हेरचा सर्वांत मोलाचा दगड त्याच वाटेवर आहे.

तो दगड म्हणजे चतुर्भुज मंदिराची भिंत. प्रतिहार राजा भोजाच्या काळात, इ.स. ८७५च्या सुमारास, किल्ल्याचा कोट्टपाल (म्हणजे किल्लेदार) अल्ल याने कातळ कोरून हे लहानसे विष्णुमंदिर करवले. ‘कोतवाल’ हा आपला रोजचा शब्द याच ‘कोट्टपाल’चा वंशज. संवत ९३३च्या शिलालेखात देवाच्या फुलबागेसाठी दिलेल्या जमिनीचे माप आहे: लांबी २७० हात, रुंदी १८७ हात. रोज ५० हार देवाला पोचवण्याची सोयही त्यात नोंदली आहे. यातल्या २७० आणि ५० या आकड्यांत शून्य आजच्यासारखेच, छोट्या वर्तुळाने कोरले आहे. भारतात साल नोंदलेल्या कोरीव शून्यांमध्ये हे अगदी जुने. पंडितांच्या ग्रंथाऐवजी ते जमीन आणि हारांच्या हिशेबात सापडावे, ही गोष्ट मोठी आहे. याचा अर्थ शून्य तेव्हा व्यवहारात रुळलेले होते.

गाडीच्या वाटेवर उरवाईच्या कड्यात १५व्या शतकात कोरलेल्या प्रचंड जैन तीर्थंकरमूर्ती दिसतात. बाबराच्या हुकमाने त्यांची मोडतोड झाली. काहींचे चेहरे नंतर दुरुस्त केले आहेत. माथ्यावर उंच तेली का मंदिर आणि सास-बहू मंदिरे आहेत. सास-बहूंतले मोठे मंदिर कच्छपघात घराण्यातील राजा महीपालाच्या काळात १०९३ साली पुरे झाले. मानसिंह तोमराचा (१४८६–१५१६) मानमंदिर महाल निळ्या फरश्यांतल्या हत्ती, बदके आणि केळीच्या झाडांसाठी पाहावा.

पायथ्याचा गूजरी महाल मानसिंहाने राणी मृगनयनीसाठी बांधला, असे सांगतात. ग्वाल्हेर संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याने १९२०च्या दशकाच्या आरंभी इथे संग्रहालय उभे केले. मो. ब. गर्दे हे त्या खात्याचे प्रमुख होते. इथली ग्यारसपूरची शालभंजिका, म्हणजे झाडाशी उभ्या स्त्रीची मूर्ती, हात-पाय गमावूनही इतकी सजीव आहे की तिच्यापुढून पाय निघत नाही. बाघ लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृतीही इथे आहेत. मूळ चित्रे बरीच झिजली असल्याने या प्रतिकृतींचे मोल वाढले आहे.

किल्ल्याच्या दक्षिणेला दौलतराव शिंद्यांनी १८१०मध्ये तळ दिला. त्या छावणीचे शहर झाले आणि नाव ‘लष्कर’च राहिले. मधल्या ‘महाराज बाडा’ चौकाच्या नावात आपला वाडा आहे. जयाजीराव शिंद्यांचा १८७४चा जयविलास राजवाडा, त्यातले संग्रहालय आणि दरबार हॉलमधली दोन अजस्र झुंबरे सर्वांना ठाऊक आहेत. फूलबागेजवळ, जून १८५८मध्ये धारातीर्थी पडलेल्या राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे.

हजिरा भागात सूफी संत मुहम्मद गौस यांची दगडी जाळ्यांची भव्य कबर आहे. शेजारीच तानसेन साध्याशा कबरीत विसावला आहे. तानसेन समारोह या संगीत महोत्सवाच्या पहिल्या सकाळी तिथे सनईवादनाबरोबर मिलाद (पैगंबरांचे स्तुतिपठण) होतो आणि ढोलीबुवा मठाची हरिकथाही होते.